एकपेशीय सजीवांतील अन्नग्रहण आणि पचन

एकाच पेशीच्या देहावर जगणारे सजीव बाहेरचे अन्न मिळवतात, त्याचे लहान रेणूंत विघटन करतात आणि उपयोगी भाग पेशीद्रव्यात सामावून घेतात. तोंड, जठर, आतडे यांवाचून हे सारे दोन मुख्य मार्गांनी होते. अमीबा, पॅरामेशियम यांसारखे आदिजीव अख्खा घास आत घेऊन पेशीतच पचवतात. जिवाणू आणि यीस्ट यांच्याभोवती ताठ पेशीभित्तिका असते; त्यांना घास गिळता येत नाही, म्हणून मोठे रेणू बाहेरच फोडावे लागतात. (हरितद्रव्य असलेले युग्लीनासारखे सजीव उजेडात स्वतःचे अन्न तयार करतात, त्यांचा विचार येथे केलेला नाही.)

पहिल्या मार्गातली एक गोष्ट नजरेतून सहज सुटते. गिळलेला घास पेशीत दिसत असला तरी तो पटलाच्या पिशवीत, म्हणजे अन्नरिक्तिकेत, बंद असतो आणि ही पिशवी पेशीच्या बाह्यपटलाचाच आत वळलेला तुकडा असते. साखर आणि अमिनो आम्ले हे पटल ओलांडत नाहीत तोवर अन्न पेशीचे झालेले नसते. गिळणे वेगळे, पचवणे वेगळे. हा फरक ध्यानात ठेवला तर आमांशापासून हिवतापाच्या औषधांपर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

अमीबा प्रोटियस हा पाव ते पाऊण मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जीव आहे. भक्ष्याशी संबंध आला की ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जोरावर त्याचे छद्मपाद, म्हणजे पेशीद्रव्याचे तात्पुरते पुढे आलेले भाग, भक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात, एकमेकांना भिडतात आणि भक्ष्य थोड्याशा पाण्यासकट आत कोंडले जाते. या रिक्तिकेला लयकारिका (पाचक रसांच्या सूक्ष्म पिशव्या, लायसोसोम) येऊन मिळतात आणि त्यांतली पाचक विकरे (एन्झाइम) भक्ष्यावर ओतली जातात. अमीबाला ठरावीक मुख नाही, तसे गुदद्वारही नाही. न पचलेला गाळ असलेली रिक्तिका मागच्या टोकाशी बाह्यपटलाला मिळून रिकामी होते आणि जीव पुढे निघून जातो.

पॅरामेशियमची व्यवस्था याहून बांधीव आहे. अंगावरच्या खोलगट मुखखाचेतील पक्ष्माभिकांच्या, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या, लयबद्ध हालचालीने पाण्याचा प्रवाह तयार होतो आणि जिवाणू पेशीमुखापाशी, म्हणजे घास आत जाण्याच्या ठरावीक जागी, जमतात. तेथे एकामागून एक अन्नरिक्तिका सुटतात आणि पेशीद्रव्याच्या प्रवाहाबरोबर शरीरभर फिरतात. निवडीच्या बाबतीत हा जीव फारसा चोखंदळ नाही. कार्माइन या रंगद्रव्याचे निरुपयोगी कणही तो गिळतो.

ही क्रिया पाहण्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. वाळलेले गवत उकळून गार केलेल्या काढ्यात पुण्याच्या पाषाण किंवा कात्रज तलावाचे पाणी, शक्यतो जलपर्णीच्या मुळ्या पिळून काढलेले, घालून ठेवले की आधी जिवाणू माजतात आणि पाणी गढूळ होते. मागोमाग त्यांना खाणारे पक्ष्माभिकाधारी जीव वाढतात. काचपट्टीवर कापसाचे चार तंतू टाकले की पॅरामेशियम त्यांत अडकून संथ होतो. मग काँगो रेडमध्ये उकळलेले यीस्ट त्याला खाऊ घालावे. हा रंग सामू (पीएच) ५ च्या वर लाल असतो आणि ३ च्या आसपास निळा होतो. गिळल्यानंतर सुमारे ५ मिनिटांत रिक्तिका आम्लाने भरते आणि लाल ठिपके निळसर होऊ लागतात. लयकारिका मिळून सामू पुन्हा वर चढला की निळेपण ओसरते. भक्ष्य आधी आम्लात मरते, विकरे नंतर येतात, हा क्रम रंगातूनच वाचता येतो. गिळल्यापासून सुमारे २० मिनिटांनी पहिल्या रिक्तिका ठरावीक गुदरंध्रातून रिकाम्या होऊ लागतात. त्यांचे पटल मात्र वाया जात नाही: त्याचे तुकडे पेशीमुखाकडे परततात आणि नव्या रिक्तिकेसाठी वापरले जातात. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांमध्ये हा परतीचा प्रवास क्वचितच दाखवतात, आणि ती उणीव मोठी आहे; पटल परत आले नाही तर गिळण्यासाठी ते पुरणारच नाही. ठराविक वेळाने फुगणारी आणि मिटणारी संकोचशील रिक्तिका याच काचपट्टीवर दिसते, पण तिचे काम जादा पाणी बाहेर टाकणे एवढेच. पचनाशी तिचा संबंध नाही.

डिडिनियम हा पिंपाच्या आकाराचा जीव स्वतःहून मोठा पॅरामेशियम अख्खा गिळतो. सक्टोरिया गटातले जीव पोकळ शुंडकांनी भक्ष्याचा जीवद्रव्यरस शोषून घेतात. व्हॉर्टिसेला देठावर उभा राहून पाण्यातून जिवाणू गाळतो आणि शहराच्या दृष्टीने तोच सर्वांत कामाचा. सक्रिय गाळ पद्धतीने चालणाऱ्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत हवा खेळवलेल्या टाक्यांमध्ये जिवाणू विरघळलेली घाण फस्त करतात आणि गाळात न बसलेले सुटे जिवाणू व्हॉर्टिसेलासारखे जीव खातात. ते नसतील तर बाहेर पडणारे पाणी गढूळ राहते. गाळाच्या थेंबात देठवाले जीव भरपूर असणे हे टाकी नीट चालल्याचे लक्षण मानतात. पुण्यात नायडू, भैरोबा नाला, मुंढवा, खराडी अशी महापालिकेची केंद्रे आहेत. शहराचे सगळे मैलापाणी तेथवर पोचत नाही. उरलेल्यावर हेच जीव मुळा-मुठेच्या पात्रात, प्राणवायूच्या तुटवड्यात, जमेल तसे काम करतात.

भित्तिकाधारी पेशींचा व्यवहार निराळा असतो. यीस्टला उसाच्या मळीतली सुक्रोज साखर मिळाली की ते इन्व्हर्टेज हे विकर पटलाबाहेर, भित्तिकेच्या जागेत सोडते. तेथे सुक्रोजपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि मग वाहक प्रथिने ते आत घेतात. यात एक अडचण आहे. बाहेर फोडलेली बहुतेक साखर आजूबाजूला पसरते आणि विकर न बनवणाऱ्या शेजारच्या पेशींनाही आयती मिळते. दह्यातला लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस दोन्ही पद्धती वापरतो: लॅक्टोज आत घेऊन मग फोडतो, पण दुधातल्या केसीन प्रथिनाचे तुकडे भित्तिकेवरच्या विकराने बाहेरच पाडतो. मळीपासून अल्कोहोल बनवण्याच्या तंत्राचे काम मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये चालते. यीस्ट आणि जिवाणूंचे वाण पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहात जपलेले आहेत.

इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात (अळीसारख्या बाल्यावस्थेत) काटा टोचला आणि त्याभोवती भटक्या पेशी जमताना पाहिल्या. अमीबासारखे गिळणे हेच प्राणिशरीराचे संरक्षण, हा त्यांचा निष्कर्ष. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासह मिळाले. गिळलेले पचते कुठे याचे उत्तर क्रिस्तियाँ द दुव यांनी १९५५ मध्ये लयकारिकांच्या शोधाने दिले.

गिळलेला प्रत्येक घास पचतोच असे नाही. लिजिओनेला हा जिवाणू अमीबाच्या रिक्तिकेत लयकारिकांना दूर ठेवून वाढतो. क्षयाचा जिवाणू आपल्या भक्षकपेशींत तेच करतो. पॅरामेशियम बर्सेरिया क्लोरेला हे शैवाल गिळतो, पण न पचवता बाळगतो आणि त्याने तयार केलेली साखर वापरतो. क्वांग जिऑन यांच्या प्रयोगशाळेतील अमीबांना १९६६ मध्ये जिवाणूंची लागण झाली. पुष्कळ अमीबा मेले, पण वाचलेल्यांच्या वंशजांना काही वर्षांनी त्या जिवाणूंशिवाय जगताच येईना. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि वनस्पतिपेशींतले हरितलवक हे असेच गिळले जाऊनही न पचलेले जिवाणू होते, असे आज मानले जाते.

दूषित पाण्यातून पोटात जाणारा, आव पाडणारा एंटामीबा हिस्टोलिटिका तांबड्या पेशी गिळतो. आतड्यातल्या जिवंत पेशींचे तो लचके तोडतो हे २०१४ मध्ये दिसून आले. हिवतापाचा परजीवी प्लाझमोडियम तांबड्या पेशीत राहून तिचे हिमोग्लोबिन सूक्ष्म पेशीमुखातून ओढतो आणि आम्लयुक्त अन्नरिक्तिकेत फोडतो. प्रथिनाचा भाग त्याच्या कामी येतो, पण उरलेला लोहयुक्त हीम त्याला विषारी असतो. म्हणून तो हीमचे निरुपद्रवी, काळपट स्फटिक बनवतो. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या जठरावर परजीवी ओळखला तो याच काळ्या कणांवरून. क्लोरोक्वीन नेमके येथे काम करते: ते रिक्तिकेतल्या आम्लात साठते, स्फटिक बनू देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच जेवणाच्या उरलेल्या विषाने मरतो. प्लाझमोडियम फाल्सिपॅरमच्या औषधाला न जुमानणाऱ्या वाणांत हिमोग्लोबिनचे पचन तसेच चालू असते. बदल झालेला असतो तो अन्नरिक्तिकेच्या पटलावरील एका वाहक प्रथिनात, आणि ते प्रथिन क्लोरोक्वीन बाहेर काढून टाकते.