सेनापतीच्या नावाने : फेअरफॅक्सची छापील पत्रे आणि जाहीरनामे

इंग्लंडच्या यादवीतल्या छपाईच्या सूच्या चाळायला घेतल्या की टॉमस फेअरफॅक्स या नावाखाली पानेच्या पाने उलटावी लागतात. राजा पहिला चार्ल्स याच्याशी लढणाऱ्या संसदेच्या फौजेचा हा सरसेनापती. नोंदी पाहाव्यात तर माणूस लढला कधी आणि लिहिले कधी, असा प्रश्न पडतो. संसदेला धाडलेली विजयपत्रे, वेढ्यातल्या किल्लेदारांना दिलेले निर्वाणीचे खलिते, सैनिकांना हुकूम, लंडनच्या नगरपित्यांना पत्रे आणि 1647 पासून एकामागून एक राजकीय जाहीरनामे. त्यानंतर 1699 मध्ये, त्याच्या मृत्यूला 28 वर्षे झाल्यावर, त्याच्या आठवणींचे एक छोटेसे पुस्तक नात्यातल्या माणसाने छापले. त्यात फेअरफॅक्स म्हणतो की ट्रिप्लो हीथच्या मैदानावर फौजेने स्वतःची सत्ता पुकारली, तेव्हापासून तिच्या कोणत्याही कृत्याला मी मनापासून संमती दिली नाही. मी पदावर होतो म्हणून माझे नाव रिवाजाप्रमाणे सगळ्या कागदांवर घातले जाई, मला मान्य असो वा नसो.

त्याच्या सगळ्या छापील कागदांवर या वाक्याची सावली पडली आहे. ते खरे धरले तर निम्मी सूची खोटी ठरते, खोटे धरले तर माणूस.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1641 मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय बरखास्त झाले आणि छापखान्यांवरचा जुना धाक गेला. 1643 मध्ये संसदेने पुन्हा परवान्याची सक्ती आणली, पण सुटलेले पाणी काही अडले नाही. एका कागदाच्या दोन घड्या घातल्या की आठ पानांची पुस्तिका होते. खिळे जुळवायला फार वेळ लागत नाही, आणि विकायला रस्त्यावरचे फेरीवाले होतेच. राजाने ऑक्सफर्डला आपला छापखाना बसवला होता. लढाईची बातमी आधी छापील पत्रातून येई. सेनापतीने संसदेच्या सभापतींना लिहावे, सभागृहात ते वाचले जावे, ‘छापावे’ असा ठराव व्हावा आणि कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, अधिकृत मुद्रकाने ते दुकानात आणावे, असा तो क्रम होता.

नावाचा घोळ मात्र पहिल्या दिवसापासूनचा. मे 1643 मध्ये वेकफील्ड घेतले ते सर टॉमसने. त्यावर निघालेल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘चमत्कारिक विजय’ मिळवणारा म्हणून नाव आहे ते लॉर्ड फर्डिनांडो फेअरफॅक्सचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे. उत्तरेतली संसदेची फौज वडिलांच्या हाताखाली होती, पत्र त्यांनी लिहिले, तेव्हा मान त्यांचा. मार्च 1648 मध्ये वडील वारले आणि ‘सर टॉमस’ ‘लॉर्ड फेअरफॅक्स’ झाला. म्हणून त्याआधीच्या कागदावर नुसते ‘लॉर्ड फेअरफॅक्स’ दिसले की तो बाप समजावा. हे न कळल्याने मी एक अख्खी संध्याकाळ मुलाच्या खात्यावर बापाची पत्रे जमा करत बसलो होतो. त्यात त्या वेळी इंग्लंडात कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. राजाचा शिरच्छेद आपण 30 जानेवारी 1649 चा म्हणतो, पण त्या आठवड्यातल्या कागदांवर साल सापडते 1648.

1645 मध्ये संसदेने नवी फौज उभारली, तिचा सेनापती फेअरफॅक्स. त्याच्या नेमणूकपत्रातून राजाच्या जिवाला जपण्याचे नेहमीचे कलम गाळले गेले, त्यावर पुष्कळ खल झाला. ऑगस्टच्या उत्तरार्धात ब्रिस्टलला वेढा पडला. सप्टेंबरात फेअरफॅक्सने राजाच्या बाजूने शहर राखणाऱ्या राजपुत्र रूपर्टला शहर खाली करण्याचा जो खलिता पाठवला, तो नुसता ‘शरण ये’ असा नाही. इंग्लंडचा मुकुट जिथे असायला हवा तिथेच आहे आणि तो तिथेच राहावा म्हणून आम्ही लढतो आहोत, असा त्यातला युक्तिवाद आहे. हे रूपर्टला पटवण्यासाठी लिहिले होते असे मला वाटत नाही. वाचणारे लंडनमध्ये होते.

ब्रिस्टल पडल्यावरची हकिकत तर आणखी बोलकी. संसदेला सविस्तर पत्र लिहायचे काम सेनापतीने आपला दुय्यम क्रॉमवेल याच्यावर सोपवले आणि क्रॉमवेलने तसे पहिल्याच ओळीत नमूद केले. पत्राच्या शेवटी त्याने धर्माच्या बाबतीत सक्ती नको, अशा अर्थाचा परिच्छेद घातला. कॉमन्सने पत्र छापताना तो परिच्छेद गाळला. त्याच वर्षीच्या नेस्बीच्या लढाईतल्या विजयानंतरच्या क्रॉमवेलच्या पत्रातूनही कॉमन्सच्या छापील प्रतीत विवेकस्वातंत्र्याचे वाक्य असेच उडाले होते. या खेपेला सक्ती नको म्हणणाऱ्या स्वतंत्रपंथीय गटाने तेवढाच गाळलेला मजकूर सुट्या कागदावर छापून रात्रीत लंडनच्या रस्त्यांवर टाकला. जॉर्ज टॉमसन नावाचा एक पुस्तकविक्रेता त्या काळात हाती लागेल तो छापील कागद जमवत होता. त्याला हा कागद मिळाला, आणि त्याने त्यावर लिहून ठेवले की स्वतंत्रपंथीयांनी हा छापून काल रात्री रस्तोरस्ती विखुरला, सभागृहाच्या हुकमाने मात्र तो मुद्दाम गाळला होता. तो कागद आजही आहे, टॉमसनच्या हस्ताक्षरासह. सेनापतीचे पत्र छापील रूपात येईपर्यंत किती हातांतून जात असे हे त्या चिठोऱ्याइतके दुसरे काही सांगत नाही.

त्या हातांपैकी सगळ्यांत महत्त्वाचा हात चिटणिसाचा. जॉन रशवर्थ हा आधी कॉमन्सच्या दप्तरात होता, छपाईचे परवानेही देत असे. मग तो फेअरफॅक्सचा चिटणीस झाला. 1647-48 चे कितीतरी जाहीरनामे उघडून शेवटचे पान पाहा. सेनापती आणि युद्धमंडळ यांच्या आज्ञेवरून, आणि खाली सही रशवर्थची. मोडी कागद वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मजकूर चिटणिसाचा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, हे आपण गृहीतच धरतो. मोर्तब उमटले की पत्र महाराजांचे. फेअरफॅक्सची तक्रार नेमकी या मोर्तबाबद्दल आहे.

आता 1647. पहिली यादवी संपली होती, संसदेला फौज मोडायची होती, पगार थकले होते. 5 जूनला न्यूमार्केटजवळ पलटणींनी एकत्र राहण्याची शपथ घेतली, 10 जूनला ट्रिप्लो हीथवर मेळावा झाला आणि 14 जूनला सेंट ऑल्बन्सहून तो प्रसिद्ध जाहीरनामा निघाला, ज्यात फौज म्हणते की आम्ही कुणा सत्तेच्या मनमानीसाठी भाड्याने घेतलेले शिपाई नाही. पूर्वी नाटकात काम केलेला एक मुद्रक ऑक्सफर्डला फौजेसाठी छापू लागला. राजाला आधीच एका हलक्या हुद्द्याच्या घोडेस्वार अधिकाऱ्याने होम्बीच्या वाड्यातून उचलून आणले होते, आणि ते सेनापतीला न विचारता.

या कागदांच्या नावांचे मराठी करताना माझी नेहमी अडचण होते. ‘डिक्लरेशन’ म्हणजे जाहीरनामा, ठीक. ‘रिप्रेझेंटेशन’ला निवेदन म्हणता येईल. ‘एंगेजमेंट’ हा करार आहे, पण परस्परांशी आणि देवासमोर केलेला, म्हणून आणभाक जवळची. ‘रिमॉन्स्ट्रन्स’ सगळ्यांत अवघड. कुणी निषेधपत्र म्हणतात, पण मूळ शब्दात दोष एकेक करून पुढे मांडणे आहे. गाऱ्हाणे म्हणावे तर त्यात वरच्याकडे पाहणे येते, आणि 1648 च्या रिमॉन्स्ट्रन्समध्ये वरचा कोणी उरलेलाच नाही. शिवाय सगळ्या शीर्षकांत एक ‘आणि’ असतो : सरसेनापती सर टॉमस फेअरफॅक्स आणि त्याच्या हाताखालील फौज. हाताखालील म्हणायचे आणि बरोबरीने ‘आणि’ही जोडायचा. बोलतो कोण, सेनापती की फौज? शीर्षक दोघांची नावे घेते आणि उत्तर टाळते. माझ्या मते घोळ मुद्दाम ठेवलेला आहे. सेनापतीच्या नावाविना तो कागद बंडखोरी ठरला असता.

मग ‘मला न विचारता नाव घातले’ हे कितपत मानायचे?

त्याच्या बाजूने बोलायचे तर तो मसुदे रचणारा माणूस नव्हता. बोलताना अडखळत असे. मसुद्यांमागचे डोके बहुधा क्रॉमवेलचा जावई आयर्टन याचे, हे फारसे कुणी नाकारत नाही. त्या उन्हाळ्यात फेअरफॅक्सची प्रकृतीही बरी नसे. राजाला पळवणाऱ्या त्या अधिकाऱ्याला युद्धन्यायालयापुढे उभे करायची त्याची इच्छा होती, ती धकली नाही.

उलट बाजूला पुरावा जड आहे. ट्रिप्लो हीथच्याच दिवशी लंडनच्या महापौरांना गेलेल्या पत्रावर 13 अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि पहिले फेअरफॅक्सचे. हे चिटणिसाचे मोर्तब नाही. सप्टेंबर 1647 मध्ये लॉर्ड्सना, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला, पत्र लिहून फौजेची बदनामी करणाऱ्या पुस्तिकांविरुद्ध तक्रार करणारा तोच. महिनाअखेरीस संसदेने नवा कायदा केला : परवान्याविना छापल्यास लेखकाला 40 शिलिंग दंड, मुद्रकाला 20, विक्रेत्याला 10, आणि बिचाऱ्या फेरीवाल्याला फटके. छापील शब्दाचे वजन ज्याला इतके ठाऊक, त्याला आपल्या नावाने काय छापले जाते याची कल्पना नव्हती, हे पचायला जड जाते. नोव्हेंबरात वेअरजवळच्या मैदानावर पलटणी गोळा झाल्या, काही शिपायांनी टोपीत ‘जनतेचा करार’ हा नव्या राज्यव्यवस्थेचा मसुदा खोचला होता. फेअरफॅक्सने आपला छापील रिमॉन्स्ट्रन्स हाती घेऊन एकेका पलटणीपुढे घोडा नेला. शिस्त पाळणार असाल तर मी राहतो, नाहीतर सेनापतिपद सोडतो, असा त्याचा सूर. एका शिपायाला तिथल्या तिथे गोळी घातली गेली. या कागदाला त्याची संमती नव्हती असे तो म्हातारपणीही म्हणू शकला नसता. आणि युद्धमंडळात तो फारसा बोलत नसे, पण सगळ्यांच्या मताविरुद्ध हुकूम सोडत असे, असे त्याला जवळून पाहिलेल्या एका वकिलाने नोंदले आहे.

1648 मध्ये दुसरी यादवी पेटली. कोल्चेस्टरचा वेढा 11 आठवडे चालला. 28 ऑगस्टला शहर पडले त्याच संध्याकाळी लूकस आणि लाइल या दोन राजपक्षीय सरदारांना गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात फेअरफॅक्स संसदेला कळवतो की लष्करी न्यायाची काही भरपाई आणि सांडलेल्या निरपराध रक्ताचा काही सूड म्हणून हे केले. थंड, आखडते वाक्य. राजपक्षाच्या मुद्रकांनी त्याला खुनी ठरवले. आठवणींतही तो या कृत्याचे समर्थनच करतो, ‘नाव माझे, काम दुसऱ्याचे’ असे म्हणत नाही.

म्हणजे त्याचे वाक्य खरे लागू पडते ते एकाच मोठ्या कागदाला. नोव्हेंबर 1648 मध्ये सेंट ऑल्बन्सला आयर्टनने लांबलचक रिमॉन्स्ट्रन्स मांडला : राजाशी बोलणी थांबवा, त्याच्यावर खटला भरा. फेअरफॅक्सने सुरुवातीला तो रोखून धरला. फौजेच्या अटी राजाने फेटाळल्यावर अधिकाऱ्यांनी तो मंजूर केला, 20 तारखेला तो संसदेपुढे ठेवला गेला आणि ‘सरसेनापती लॉर्ड फेअरफॅक्स आणि अधिकाऱ्यांची सर्वसाधारण सभा’ या नावाने छापला गेला. 6 डिसेंबरला फौजेने नको असलेले खासदार दारातच अडवले. राजाच्या खटल्याच्या न्यायमंडळात फेअरफॅक्स पहिल्या प्राथमिक बैठकीनंतर फिरकला नाही. शिरच्छेदाच्या फर्मानावर त्याची सही नाही. जून 1650 मध्ये स्कॉटलंडवर चाल करून जायला नकार देऊन त्याने पद सोडले. अडवता येत असूनही त्याने नोव्हेंबर अडवला नाही, आणि मग त्या एका महिन्याची लाज मागे सरकवत जून 1647 पर्यंत नेली, असे मला वाटते. आठवणी लिहिल्या तेव्हा गादीवर त्याच राजाचा मुलगा होता, हेही विसरून चालत नाही.

नंतरच्या काळाने गोंधळ कमी केला नाही. रशवर्थने जमवलेली कागदपत्रे जाडजूड खंडांतून छापली गेली; त्यांत स्वतः सही केलेले कागद त्याने कुणाच्या सांगण्यावरून लिहिले होते याचा पत्ता नाही. टॉमसनचा संग्रह, सुमारे 22,000 कागदांचा, राजा तिसऱ्या जॉर्जने विकत घेऊन 1762 मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. 1891 पासून फौजेच्या दुय्यम चिटणिसाचे कागद छापून आले आणि लघुलिपीत टिपलेल्या पटनीच्या चर्चा (1647 मध्ये फौजेतच झालेले वादविवाद) अडीचशे वर्षांनी वाचायला मिळाल्या. विसाव्या शतकातल्या सूचीकारांनी मुखपृष्ठावर नाव दिसेल तो लेखक, असा नियम लावला. सोय झाली, पण आयर्टनचा मजकूर, रशवर्थची सही आणि फौजेची आणभाक हे सगळे फेअरफॅक्सच्या खाती जमा झाले. 2015 मध्ये या काळातल्या हजारो पुस्तिकांचे टंकलिखित पाठ सर्वांना खुले झाले, तेही याच नोंदींसह.

हस्तलिखित पत्रांचे नशीब वेगळे. केंटमधल्या लीड्सच्या किल्ल्यात (यॉर्कशरचे लीड्स वेगळे) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुने सामान विकायला काढले. एका चांभाराने फरश्यांनी भरलेली म्हणून एक पेटी घेतली. वरच्या फरश्या काढल्यावर खाली फेअरफॅक्स घराण्याची पत्रे निघाली, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्यातली काही कापून कामाला लागली होती. वाचलेली 1848-49 मध्ये खंडरूपाने छापली गेली.

त्यांत बापलेकांची पत्रे आहेत, खर्चाच्या काळज्या आहेत, आजारपणे आहेत. जाहीरनाम्यांतला तो आखीव आवाज त्यांत कुठेच ऐकू येत नाही.