कोळंबीच्या पोटातली सोयापेंड: हा प्रश्न आला कुठून

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी आंध्रच्या तळ्यांमधल्या कोळंबीच्या आतड्यात जे चाललंय त्याचा आपल्या सोयाबीनशी संबंध आहे, आणि लातूरच्या मोंढ्यात माल नेऊन टाकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सोयाबीनचं तेल काढल्यावर जी पेंड राहते, मिलवाले जिला डीओसी म्हणतात, ती कोंबडीखाद्यात जाते हे सगळ्यांना माहितीय. कोळंबीच्या खाद्यातही ती जाते, आणि बऱ्याच खाद्यात आता तीच प्रोटीनचा मोठा भाग भरते. मग एवढी पेंड खाऊन कोळंबीच्या आतड्याचं आणि तिथल्या जिवाणूंचं काय होतं, हा तो प्रश्न.

सुरुवातीला असं नव्हतं. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी 1930च्या दशकात कोळंबीची पिल्लं बंदिस्त पाण्यात तयार करून दाखवली, मग तैवाननं हा धंदा मोठा केला आणि 1990च्या आसपास आपल्याकडं आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर जातीच्या कोळंबीची तळी झाली. टायगरला प्रोटीन जास्त लागतं, त्यामुळं खाद्यात फिशमील भरपूर, म्हणजे शिजवून, दाबून, सुकवून दळलेली मासळी. जगात फिशमीलचा सगळ्यात मोठा पुरवठादार पेरू, तिथल्या अँकोव्ही माशावर हे सगळं चालतं, आणि एल निनो आला की तो मासाच हाताला लागत नाही. आपल्याला एल निनो पाऊस बुडवणारा म्हणून माहिती, तिकडं तो मासेमारी बुडवतो. 1972-73 ला पेरूची अँकोव्ही अक्षरशः कोसळली होती आणि 2023 मध्ये तर त्यांना वर्षाचा पहिला हंगामच रद्द करावा लागला.

मग महागड्या फिशमीलच्या जागी काय घालायचं? 2009 ला भारतात व्हनामी या दुसऱ्या जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली, तिला टायगरपेक्षा कमी प्रोटीन चालतं आणि वनस्पतीचं खाद्यही ती बऱ्यापैकी पचवते. सोयापेंडीत 44 ते 48 टक्के प्रोटीन, वर्षभर मिळते, भाव फिशमीलपेक्षा कितीतरी कमी. खाद्य बनवणाऱ्यांनी तिकडं वळणं साहजिकच होतं.

पण पेंडीत प्रोटीनशिवाय बाकीचंही बरंच काही असतं. ट्रिप्सिन इन्हिबिटर असतो, तो पचन अडवतो, नीट भाजलं-शेकलं तर त्याचा जोर कमी होतो. फायटिक ॲसिड फॉस्फरस धरून ठेवतं, आणि रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा कोळंबीला नीट पचत नाहीत, हे दोन्ही नुसत्या उष्णतेनं जात नाही. न पचलेलं आतड्यात पुढं सरकतं आणि ते खायला तिथले जिवाणू बसलेलेच असतात. फिशमील काढून पेंडीचं प्रमाण खूप वाढवलं तेव्हा बऱ्याच प्रयोगांत आतड्याच्या आतल्या घड्या आखूड झालेल्या दिसल्या, वाढ मंदावली, जिवाणूंची जमवाजमव बदलली आणि काही ठिकाणी व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढले.

व्हिब्रिओचं नाव आलं की कोळंबीवाला दचकतो, आणि का नाही दचकणार? हे जिवाणू खाऱ्या पाण्यात आणि निरोगी कोळंबीच्या आतड्यातही असतातच, पण त्यातल्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या विषारी जातीनं 2009 नंतर चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये तळीच्या तळी मारली, तीही पिल्लं सोडल्यावर पहिल्या महिनाभरात. 2013 मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या टीमनं कारण शोधलं. जिवाणू पोटात ठाण मांडतो आणि त्याचं विष यकृतासारखं काम करणारा हेपॅटोपँक्रियाज नासवतं. कोळंबीला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, त्यामुळं लस देऊन मोकळं होता येत नाही, आतड्यात चांगल्या जिवाणूंनी जागा धरलेली असणं हाच मोठा आधार.

अँटिबायोटिकचा रस्ता आधीच बंद झाला होता. 2001-02 च्या सुमारास आशियातल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान सापडले, युरोपनं माल अडवला, आणि तेव्हापासून बॅसिलससारख्या प्रोबायोटिकचा, म्हणजे मुद्दाम घातलेल्या उपयोगी जिवाणूंचा वापर जोरात वाढला. माझ्या मते आतड्यातल्या जिवाणूंकडं लोकांनी खरं लक्ष दिलं ते या दोन दणक्यांमुळं, नाहीतर खाद्याच्या पोत्यावरचा प्रोटीनचा टक्का बघूनच सगळं चाललं होतं.

आता पेंड आंबवून घालायची पद्धत आली आहे. इडलीचं पीठ आंबल्यावर पोटाला हलकं पडतं तसंच हे, बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलस त्या न पचणाऱ्या साखरा आधीच खाऊन टाकतात, मोठं प्रोटीन तोडून बारीक करतात, आणि अशी पेंड घातली तर कोळंबीचं आतडं साध्या पेंडीपेक्षा चांगलं राहिल्याचं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. ब्लॅक सोल्जर फ्लाय माशीच्या अळ्यांची पूडही चर्चेत आहे, तिच्यातलं लॉरिक ॲसिड काही जिवाणूंना आवरतं, पण कायटिन, म्हणजे किड्याच्या कवचातला कडक भाग, जास्त झालं की पचन बिघडतं.

एक गोष्ट मात्र धरून चला, कोळंबी तळ्यातच राहते, तळ्याचा गाळही चिवडते, त्यामुळं आतड्यातले जिवाणू खाद्याइतकेच पाण्यातून येतात. खारटपणा, वय, गाळ बदलला की निकाल बदलतो. शिवाय बरेच प्रयोग टाकीत सहा-आठ आठवडे चालतात आणि तळ्यातलं पीक तीन-चार महिन्यांचं असतं, म्हणून एका प्रयोगावर खाद्याचं सूत्र बदलणं मला पटत नाही.

आपल्या बाजूनं बघायचं तर ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, पेंड आयात करायला परवानगी दिली तेव्हा पेंडीचा भाव आपल्या सोयाबीनच्या भावाला किती बांधलेला आहे ते सगळ्यांनी पाहिलं. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, सोयाबीन तर दारात आहे. आंबवलेल्या पेंडीला साध्या पेंडीपेक्षा जास्त भाव मिळतो, फक्त आंबवल्यावर ती परत सुकवावी लागते आणि तो खर्च मोठा आहे, तेवढं गणित इथल्या मिलवाल्यांनी आणि कॉलेजवाल्यांनी एकत्र बसून मांडावं असं मनापासून वाटतं.