रँडम निवड आणि रँडम वाटणी: चिठ्ठ्या सारख्या, प्रश्न वेगळे

‘ठाण्यातील ६० महाविद्यालयीन विद्यार्थी रँडमली निवडण्यात आले.’ मानसशास्त्राच्या पदवी प्रकल्पांत हे वाक्य हमखास भेटतं. निवडले म्हणजे नेमकं काय केलं, असं विचारलं की कळतं, निम्मे आपल्याच वर्गातले, निम्मे ओळखीच्या क्लासमधले. मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. चिठ्ठ्या खरोखर टाकल्या होत्या, पण गट पाडताना. माणसं मिळाली ती ओळखीतून. अहवालात मात्र चिठ्ठीचं श्रेय निवडीला गेलं, आणि त्याच्या जोरावर शेवटच्या पानावर ‘ठाण्यातील तरुणाई’बद्दल निष्कर्षही आला.

वर्तनाच्या अभ्यासात चिठ्ठी दोन वेगळ्या ठिकाणी टाकतात. अभ्यासात कोण येणार हे ठरवताना टाकली तर ते रँडम सॅम्पलिंग. आलेल्यांपैकी कोणाला काय द्यायचं हे ठरवताना टाकली तर ते रँडम असाइनमेंट. पहिलीमुळे ‘हे कोणाकोणाला लागू आहे’ हे सांगता येतं, दुसरीमुळे ‘हे कशामुळे झालं’ हे सांगता येतं. एक केली म्हणून दुसरीचं उत्तर मिळत नाही.

आधी निवड. समजा, ठाणे शहरातले तरुण दिवसाला किती वेळ मोबाइल पाहतात हे शोधायचं आहे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८,४१,४८८ होती. सगळ्यांना विचारणं शक्य नाही, म्हणून थोड्यांना विचारायचं. शितावरून भाताची परीक्षा करतात तशीच, फक्त भात हलवून सारखा शिजलेला असतो, शहर तसं नसतं. संध्याकाळी तलावपाळीवर उभं राहून समोरून येईल त्याला फॉर्म दिला की मुलांना वाटतं हेच रँडम. पण त्या वेळी तिथे कोण नसतं याचा विचार करा. वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या पाळीला गेलेला मुलगा नसतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली मुलगी नसते. धाकट्या भावंडांना सांभाळणारी, संध्याकाळी घराबाहेर न पडणारी तर नसतेच. नेमका यांचा मोबाइल वापर तलावाकाठी बसलेल्यांपेक्षा वेगळा असण्याची शक्यता जास्त.

कोणी समोर आला आणि आपण त्याला ओळखत नव्हतो, एवढ्याने निवड रँडम होत नाही. शहरातल्या प्रत्येक तरुणाला निवडलं जाण्याची काही ना काही संधी हवी, ती किती हे आधीच माहीत हवं, आणि आपल्या आवडीनिवडीला त्यात जागा नको. त्यासाठी लागते यादी, आणि खरी मेहनत तिथेच आहे. मतदार यादी घेतली तर १८ वर्षांखालचे गळतात, नुकतेच राहायला आलेले भाडेकरूही सुटू शकतात. सोसायट्यांची यादी घेतली तर चाळी आणि झोपडपट्ट्या सुटतात. यादी नीट असली तरी टॉवरच्या गेटवर वॉचमन अडवतोच. मग शेजारच्या, सहज आत सोडणाऱ्या इमारतीत जाऊन आकडा भरून काढायचा मोह होतो. तिथे निवड पुन्हा आपल्या हातात येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत म्हणूनच पाहण्यासारखी आहे. गावं आणि शहरी गणना गट आधी संभाव्यतेच्या नियमाने निवडतात, तिथल्या घरांची यादी जागेवर जाऊन नव्याने करतात, आणि त्यातून प्रत्येक ठिकाणी २२ घरं ठरावीक अंतराने उचलतात. ठरलेल्या घराला कुलूप असलं तर शेजारचं घर चालत नाही. या देशात नमुना पाहणीची, म्हणजे थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज घेण्याची घडी बसवली ती संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. १९३१मध्ये त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली, बंगालमधल्या तागाच्या लागवडीचे अंदाज नमुना पाहणीने काढले, आणि १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं.

नमुना मोठा असला की निवडीतला दोष झाकला जातो, ही समजूत चुकीची आहे. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या आणि २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या तुलनेने सुस्थितीतल्या घरांचे. त्यातही ज्यांना उत्तर पाठवावंसं वाटलं त्यांचंच मत मोजलं गेलं. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

आता वाटणी. प्रश्न बदलूया: अभ्यास करताना मोबाइल टेबलावर ठेवल्याने वाचलेलं कमी लक्षात राहतं का? नुसतं विचारून पाहिलं, तर मोबाइल दूर ठेवणाऱ्यांना जास्त आठवतं असं कदाचित दिसेल. पण दूर ठेवणारी मुलं मुळातच शिस्तीची असतील, त्यांच्या घरी स्वतंत्र खोली असेल, परीक्षा जवळ आली असेल. फरक मोबाइलचा की माणसांचा, हे त्यातून सुटत नाही. म्हणून कोणाचा मोबाइल कुठे राहील हे मुलांवर सोडायचं नाही, आपणही ठरवायचं नाही, चिठ्ठीवर सोपवायचं. ४० मुलं असतील तर २० चिठ्ठ्यांवर ‘टेबलावर’, २० चिठ्ठ्यांवर ‘बाहेरच्या खोलीत’. मग सगळ्यांना तोच उतारा, तेवढाच वेळ, तेच प्रश्न.

यात एक पळवाट फार वापरली जाते: आधी आलेले २० पहिल्या गटात, नंतरचे दुसऱ्या. सोयीचं आहे, निरुपद्रवीही वाटतं. पण कॉलेजात सकाळी आधी पोचणारी मुलं नौपाड्यातली, चालत येणारी, आणि उशिरा येणारी कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत दीड तास उभी राहिलेली असतील, तर आपण मोबाइलचा परिणाम मोजतोय की थकव्याचा? चिठ्ठी टाकली की थकलेली मुलं दोन्ही गटांत विखुरतात. मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ इथे दिसतं. थकवा आपल्याला सुचला म्हणून आपण त्याची काळजी घेतली असती, पण जे आपल्याला सुचलंच नाही तेही चिठ्ठी दोन्हीकडे वाटून टाकते. दरवेळी तंतोतंत समान नाही. गट लहान असले तर योगायोगाने एकीकडे झुकाव राहू शकतो. पण योगायोगाचा हिशेब संख्याशास्त्राला करता येतो, आपल्या पक्षपाताचा येत नाही.

ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या शेतांवर पक्की केली. जमिनीचा कस जागोजागी बदलतो, म्हणून कोणत्या तुकड्याला कोणतं खत हे ते चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवत. मानसशास्त्रात मात्र तिची चाहूल त्याआधीच लागली होती. १८८०च्या दशकात चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनातला बारीक फरक माणसाला कळतो का हे तपासलं, तेव्हा वजनांचा क्रम पत्त्यांचा कॅट पिसून ठरवला. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी वाटणी बंद पाकिटांत ठेवली, म्हणजे पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांना आधी कळू नये. प्रकल्पातही चिठ्ठ्या घडी घालून ठेवाव्यात, आणि मुलाने अभ्यासात यायला होकार दिल्यावरच उघडाव्यात.

वाटणीमुळे एखाद्याचं नुकसान होतं, ही शंका पालकांना येते आणि ती रास्त आहे. ‘बालसखी’ प्रयोगात यावर चांगला तोडगा होता. मागे पडलेल्या मुलांना शिकवण्यासाठी वस्तीतलीच शिकलेली तरुणी नेमण्याचा ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेचा हा उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्यात तपासला गेला. अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९मध्ये नोबेल मिळालं. वडोदऱ्यात चिठ्ठीने अर्ध्या शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, उरलेल्यांना चौथीसाठी. एकाही शाळेला रिकाम्या हाती परतावं लागलं नाही, आणि एका शाळेतल्या तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी करता आली. मुलांचे गुण वाढले, आणि ते बालसखीमुळे वाढले असं म्हणायला आधार होता. मात्र त्या शाळा देशभरातून चिठ्ठीने निवडलेल्या नव्हत्या. डोंगराळ भागातल्या एकशिक्षकी शाळेतही तेवढाच परिणाम होईल, हे या वाटणीतून सिद्ध होत नाही.

दोन्ही चिठ्ठ्या एकाच अभ्यासात फार क्वचित दिसतात. मोठ्या सर्वेक्षणांत कधी निम्म्या लोकांना प्रश्न एका शब्दरचनेत आणि निम्म्यांना दुसऱ्या शब्दरचनेत विचारतात, तेव्हा त्या जुळून येतात. पदवीच्या विद्यार्थ्याकडे शहराची यादीही नसते आणि दारोदार फिरायला पैसेही नसतात. चाळीस वर्गमित्र आणि चाळीस चिठ्ठ्या मात्र असतात. म्हणून माझा सल्ला असतो, वाटणीचा प्रश्न घ्या आणि तो कसून करा. वर्गमित्रांवरून ठाण्याची टक्केवारी काढण्यापेक्षा त्या वर्गात कारण नेमकं पकडणं जास्त मोलाचं आहे. आणि पद्धतीच्या प्रकरणात असं लिहा: ‘सहभागी विद्यार्थी सोयीनुसार, एकाच महाविद्यालयातून घेतले. त्यांना घडी घातलेल्या चिठ्ठ्यांद्वारे दोन गटांत वाटले. तिघांनी नकार दिला, तो चिठ्ठी उघडण्याआधी.’