सँटोरिनी (द्राक्षमद्य प्रदेश)

ग्रीसच्या सिक्लाडीझ द्वीपसमूहातील ज्वालामुखीय बेट. अधिकृत नाव थीरा. क्षेत्रफळ सु. ७६ चौ. किमी. हे क्रीटच्या उत्तरेस सु. ११० किमी.वर आहे. पश्चिमेचा कडा पाण्याने भरलेल्या ज्वालाकुंडात (कॅल्डेरा) सरळ उतरतो. पूर्वेकडचा उतार सौम्य असून बहुतेक द्राक्षमळे तिकडे आहेत.

बेटाला आजचे रूप देणाऱ्या ‘मिनोअन’ (क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीचे नाव दिलेल्या) ज्वालामुखी उद्रेकाचा काळ वादग्रस्त आहे. ईजिप्तशी जुळणाऱ्या मृत्पात्रांवरून पुरातत्त्वज्ञ तो इ. स. पू. १५०० च्या सुमारास धरीत. राखेत गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या फांदीचे कार्बन-१४ कालमापन (२००६) इ. स. पू. १६२७–१६०० असे आले. मात्र ऑलिव्हची वलये भरवशाने मोजता येत नाहीत, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. २०१८ मध्ये कार्बन-१४ च्या मोजणीचे वर्षांत रूपांतर करणाऱ्या, वृक्षवलयांवर आधारलेल्या सुधारित वक्राने हा काळ इ. स. पू. सोळाव्या शतकाकडे सरकवला. तूर्त इ. स. पू. १६००–१५०० हा पल्ला धरणे सयुक्तिक वाटते. बेटावरील आक्रोतिरी येथील उत्खननात (१९६७ पासून) त्यापूर्वीची समृद्ध वसाहत उजेडात आली. तथापि उद्रेकानंतर बेट काही शतके निर्जन असावे, म्हणून ‘३,५०० वर्षे अखंड द्राक्षशेती’ हा जाहिरातींतला दावा जपूनच घ्यावा. मध्ययुगात बेट नॅक्सॉसच्या व्हेनिशियन डचीत (ड्यूकच्या राज्यात) होते. सँटोरिनी हे नाव संत इरिनीवरून आले.

मातीला स्थानिक लोक ‘आस्पा’ म्हणतात. ती म्हणजे प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखीय दगड), राख व लाव्हा यांचे मिश्रण. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नसल्याने फायलोक्झेरा ही मुळांवरची कीड येथे टिकत नाही आणि वेली कलमाच्या खुंटावर न लावता स्वतःच्या मुळांवर वाढतात. पाऊस वर्षाला सु. ३५० मिमी., तोही बहुतांशी हिवाळ्यात. रात्रीच्या समुद्री धुक्याचा ओलावा सच्छिद्र प्यूमिस धरून ठेवतो. पाणी कमी म्हणून दोन वेलींत दोन-अडीच मीटर अंतर राखतात.

येथे मांडव नाही, तारा नाहीत. हिवाळी छाटणीत निवडक काड्या बुंध्याभोवती वळवून जमिनीलगत टोपली विणतात, तिला कुलूरा म्हणतात. घड आतल्या पोकळीत पानांच्या सावलीत वाढतात. त्यामुळे ‘मेल्तेमी’ या उन्हाळी उत्तर वाऱ्याने उडणारी रेती आणि ऊन दोन्हींपासून बचाव होतो. दरवर्षी जुन्या टोपलीवर नवी वीण चढते. मुळांतील रसाला घडापर्यंत लांबचा प्रवास करावा लागू लागला की उत्पन्न घटते. मग अनेक दशकांनी, सत्तर-ऐंशी वर्षांनीही, टोपली जमिनीजवळ कापून टाकतात आणि जुन्या मुळावर नवा वेल फुटतो. त्यामुळे बुंध्याच्या जाडीवरून मुळाचे वय ठरवणे फसवे ठरते. यंत्र येथे चालत नाही. सारी तोडणी वाकून, हाताने करावी लागते.

मुख्य जात असिर्तिको. पूर्ण पिकल्यावरही तिची आम्लता उतरत नाही. जोडीला अथिरी व ऐदानी या पांढऱ्या आणि मावरोत्रागानो ही काळी जात. १९७१ पासून ‘सँटोरिनी’ हे संरक्षित उगमनाम (ठरावीक प्रदेशातल्या मद्यासाठीच राखलेले नाव) आहे. विन्सांतो या गोड मद्यासाठी द्राक्षे साधारण दोन आठवडे उन्हात पसरतात. वाळवण कमी झाले तर पुरेशी गोडी येत नाही. अति झाले तर साखरेच्या भाराने किण्वन फार लवकर थांबते. असिर्तिको किमान ५१ टक्के आणि लाकडी पिंपात किमान दोन वर्षे, असा नियम आहे. हे नाव टस्कनीच्या ‘विन सांतो’वरून आले की ‘सँटोरिनीचे मद्य’ या व्हेनिशियन शब्दप्रयोगावरून, यावर एकमत नाही. दुसरे मत व्यापारेतिहासाशी अधिक जुळते.

प्यूमिसमध्ये कोरलेली जुनी मद्यगृहे (कानावा) पिर्गोस, मेगालोखोरी व गोनिया परिसरात पाहता येतात. फिरा ते इया या गावांदरम्यानची कड्यावरची पायवाट सु. १० किमी. आहे. घरे-हॉटेलांनी मळ्यांची जमीन आणि मजूर दोन्ही ओढून घेतले आहेत. २०२५ पासून क्रूझने येणाऱ्यांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा आहे. तोडणी ऑगस्टमध्ये होते. टोपल्यांची वीण मात्र पाने गळल्यावर, हिवाळ्यातच नीट दिसते.