अपील करायचंय पण खिसा रिकामा : खर्चाच्या सिक्युरिटीची जुनी गोष्ट

खालच्या कोर्टात हरलेला माणूस अपिलात जातो आणि समोरचे वकील उठून म्हणतात, साहेब, याच्याकडे दमडी नाही, उद्या हा परत हरला तर आमचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, आधी सिक्युरिटी भरायला लावा. आपल्याकडे हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ रूल १० खाली चालतं, पण त्यामागचं डोकं इंग्लंडचं.

तिकडे दावा लावायला गरिबी आड येत नाही हे फार जुनं, सातव्या हेन्रीच्या काळात १४९५ मध्येच गरिबांनी बिनफी दावा लावायचा कायदा झालेला. मग अपिलालाच वेगळा न्याय का? १८८५ च्या कॉवेल विरुद्ध टेलर केसमध्ये लॉर्ड जस्टिस बोवेन जे म्हणाले ते आपल्या भाषेत असं, की बाबा तुझं एका कोर्टाने ऐकून घेतलंय, दार काय बंद केलेलं नाही, पण आता समोरच्याला या कोर्टातून त्या कोर्टात फरफटवायचं असेल तर हमी दे. ऐकायला पटतं. पण खालचं कोर्टच चुकलं असेल तर? अपील असतं कशासाठी मग!

आपल्याकडे १८८२ च्या दिवाणी संहितेत हे कलम ५४९ होतं, १९०८ ला रूल १० झालं. त्यात "मागू शकते" असं आहे, म्हणजे कोर्टाची मर्जी, आणि नुसता गरीब आहे एवढ्यावर आपली कोर्टं सहसा सिक्युरिटी लावत नाहीत. मात्र अपीलवाला भारताबाहेर राहत असेल आणि वादातली सोडून इथे पुरेशी स्थावर नसेल तर मागावीच लागते.

त्याच १९०८ च्या संहितेत नादार, म्हणजे कोर्ट फी भरायची ऐपत नसलेला, कोण हेही लिहिलेलं, जिथे फी ठरलेली नाही तिथे अंगावरचे गरजेचे कपडे आणि दाव्यातली वस्तू सोडून १०० रुपयांचीही मालमत्ता नसलेला (१९७६ ला त्याचे १००० झाले, आणि नादारासाठीचा "पॉपर" हा इंग्रजी शब्द गेला). आणि मूळ दाव्यातल्या सिक्युरिटीच्या ऑर्डर २५ मध्ये तर पैशाच्या दाव्यात वादी बाई असेल आणि तिच्या नावावर पुरेशी स्थावर नसेल तर तिच्याकडून सिक्युरिटी मागता यायची, पुरुषाला ती अट नाही! १९५६ ला ते काढलं.

एक गोष्ट लोक नेहमी गल्लत करतात, नादारीत जी कोर्ट फी आधी भरावी लागत नाही ती सरकारची, सिक्युरिटी असते ती समोरच्याच्या खर्चाची, आणि ती अपिलाचीच नाही तर मूळ दाव्याच्या खर्चाचीही मागता येते. मुदतीत भरली नाही तर रूल १० सरळ सांगतो की अपील फेटाळायचं, मग मुद्दे कितीही दमदार असोत.