ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी का रेंगाळते?

मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी १,००० किलोवॉटची चार्जिंग यंत्रणा जाहीर केली. पाच मिनिटांत ४०० किलोमीटरची रेंज, असा दावा होता. लगेच ‘आता पेट्रोलचा खेळ खलास’ असा सूर लागला. बातमी खोटी नाही. पण मोठा चार्जर लावला की कुठलीही गाडी झटपट भरते, हा समज तिच्यामुळे आणखी घट्ट होतो आणि तो मात्र साफ चुकीचा आहे. चार्जर हा नुसता नळ आहे. भांड्याचं तोंड किती मोठं, हे बॅटरी ठरवते. १५० किलोवॉटच्या चार्जरला गाडी जोडली आणि पडद्यावर ३८ किलोवॉट दिसले, तर बहुतेक वेळा चार्जर बिघडलेला नसतो. गाडीनेच तेवढे मागितलेले असतात. गाडीतली नियंत्रण यंत्रणा चार्जरशी सतत बोलत असते आणि किती करंट हवा ते दर क्षणी सांगत असते.

आधी पेट्रोलशी तुलना करू, कारण मनात ती असतेच. पंपाच्या नळीतून मिनिटाला ४० लिटर पेट्रोल येतं असं धरा. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. (युनिट म्हणजे विजेच्या बिलातलं तेच, किलोवॉट-तास.) म्हणजे मिनिटाला ३६० युनिट, अर्थात २१,००० किलोवॉटपेक्षा जास्त. एका साध्या रबरी नळीतून! इंजिन यातली ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं आणि विजेची मोटर फारच थोडी वाया घालवते. हे गृहीत धरलं तरी पंपापुढे आजचा कुठलाही चार्जर किरकोळच ठरतो. म्हणून ‘पेट्रोलसारखं भरणं’ हे ध्येयच मुळात अवघड आहे.

आता बॅटरीच्या आत जाऊ. शाळेतले धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द इथे बाजूला ठेवलेले बरे. चार्जिंग आणि वापर यांत त्यांच्या व्याख्या उलटसुलट होतात आणि डोकं फिरतं. आपण सरळ धन बाजू आणि ऋण बाजू म्हणू. ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. पेन्सिल कागदावर सहज उमटते, कारण ग्रॅफाइट कार्बनच्या एकावर एक रचलेल्या पातळ पापुद्र्यांचं बनलेलं असतं आणि ते पापुद्रे घसरून सुटतात. दोन पापुद्र्यांमध्ये जी फट असते, तीच लिथियमची मुक्कामाची जागा. चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूतून निघतात, इलेक्ट्रोलाइटमधून, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवातून, पोहत येतात आणि या फटींमध्ये शिरतात. सहा कार्बनमागे एक लिथियम झाला की जागा संपल्या, बॅटरी भरली. भरताना ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगतं आणि चक्क रंग बदलतं: आधी काळपट निळं, मग लालसर आणि पूर्ण भरलं की सोनेरी. सेल (बॅटरी ज्या छोट्या घटकांची बनते ते) उघडून पाहणाऱ्या प्रयोगशाळांत हा सोनेरी रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आयन येतात ते ग्रॅफाइटच्या कणाच्या कडेने. तिथून आत सरकायला त्यांना वेळ लागतो. कण रिकामा असतो तेव्हा आलेला आयन लगेच आत जातो. कण भरत आला की कडेच्या जागा आधी व्यापतात, आतले आयन हळूहळू पुढे सरकतात आणि दाराशी गर्दी होते. मागून करंट रेटत राहिला तर या गर्दीचं काय होणार?

इथे व्होल्टेज कामाला येतं. शुद्ध लिथियम धातूचं व्होल्टेज शून्य धरलं, तर भरलेलं ग्रॅफाइट त्याच्या फक्त ०.०८ व्होल्ट वर असतं. करंट जितका जोरात रेटावा तितकं हे व्होल्टेज खाली ढकललं जातं. ते शून्याच्या खाली गेलं की लिथियमला फटीत शिरण्यापेक्षा कणाच्या पृष्ठभागावर धातू होऊन बसणं सोपं जातं. थोडक्यात, ग्रॅफाइटवर लिथियमचा मुलामा चढतो. त्यातला काही भाग पुन्हा विरघळतो. उरलेल्यावर इलेक्ट्रोलाइटशी रासायनिक क्रिया होऊन साय धरते आणि तो कायमचा निकामी होतो. तेवढी क्षमता गेली ती गेलीच. वाईटात वाईट म्हणजे हा धातू सुईसारखा वाढत जाऊन दोन बाजूंमधल्या पातळ पडद्याला भोक पाडू शकतो. मग आतल्या आत शॉर्टसर्किट होतं.

थंडीत हा धोका वाढतो, कारण आयनांची चाल मंदावते. म्हणून शून्य अंश सेल्सियसच्या खाली गाडी जलद चार्जिंग जवळजवळ नाकारतेच. ज्या गाड्यांत बॅटरी आधी गरम करून घेण्याची सोय आहे, त्यांत नकाशावर चार्जिंग स्टेशन हेच ठिकाण म्हणून टाकावं. वाटेतच बॅटरी तापवली जाते आणि पोचल्यावर वेळ वाचतो. हे न करणारे लोक मग चार्जरला शिव्या घालतात.

ऐंशी टक्क्यांचं गणित याच्याच जोडीला येतं. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलची कमाल मर्यादा साधारण ४.२ व्होल्ट. अर्ध्या भरलेल्या सेलचं स्वतःचं व्होल्टेज सुमारे ३.७ असतं, म्हणजे वर ०.५ व्होल्टची मोकळीक. करंट रेटायचा तो या मोकळीकीच्या जोरावरच. ऐंशी टक्क्यांना ते ४.० च्या आसपास पोचतं. मोकळीक उरली ०.२. सेलचा अंतर्गत रोध फारसा बदललेला नाही, तेव्हा ओहमच्या नियमाने करंटही दोन पंचमांशावर यायला हवा. पुढे तो घटतच जातो. म्हणून १० ते ८० टक्के अर्ध्या तासात होतात आणि उरलेल्या २० टक्क्यांना तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो. लांबच्या प्रवासात शहाणपण यात आहे की १० वर पोचावं, ७० किंवा ८० ला निघावं आणि पुढे पुन्हा थांबावं. शंभर होईपर्यंत चार्जर अडवून बसणारा स्वतःचा वेळ घालवतो आणि मागच्याचाही.

मग बीवायडीने काय केलं? एकतर व्होल्टेज वाढवलं. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत असते. त्यामुळे तीच शक्ती ४०० ऐवजी ८०० व्होल्टने दिली तर करंट निम्मा आणि तारेतली उष्णता पाव होते. त्यांनी १,००० व्होल्ट आणि १,००० अँपिअर गाठले. दुसरं, सेलच्या आतल्या आयनांच्या वाटा मोकळ्या केल्या आणि रोध कमी केला. म्हणजे सुधारणा नळाइतकीच भांड्यातही आहे. जुन्या गाडीला हा चार्जर लावून काही उपयोग नाही.

आता रोजच्या कटकटी. यातल्या बऱ्याचशा गाडी घेण्याआधी कोणी सांगत नाही.

पहिली कटकट घरच्या सॉकेटची. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. वाटेतला तोटा वजा केला तर बॅटरीत तीनेक जातात. ६० युनिटची बॅटरी पूर्ण भरायची तर २० तास. ऐकून लोक हबकतात, पण रोज ५० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला साडेसात-आठ युनिटच लागतात, म्हणजे अडीच-तीन तास. खरी अडचण वेळेची नाही, सलग भाराची आहे. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी कित्येक तास सलग १५ अँपिअर ओढते. सॉकेटचा स्क्रू किंचित सैल असला आणि तिथे ०.१ ओहमचा रोध तयार झाला, तर १५ चा वर्ग २२५, गुणिले ०.१: साडेबावीस वॉट. म्हणजे सॉकेटच्या आत एक लहान सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखं. प्लगची पिन तपकिरी पडणं ही पहिली खूण. त्याच दिवशी वापर थांबवावा. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल तर अजिबात नको, उष्णता बाहेर न पडल्याने ती वितळते. ३२ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर बसवताना स्वतंत्र लाइन ओढावी आणि अर्थिंग तपासून घ्यावं. अर्थिंग नीट नसेल तर चांगला चार्जर लाल दिवा दाखवून सुरूच होत नाही. ‘अर्थची तार काढून जुगाड करून देतो’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दारातूनच परत पाठवावं. आणखी एक बारकावा: गाडीतून डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) गळती झाली तर साधा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आंधळा होऊ शकतो. ६ मिलिअँपिअरपासून डीसी गळती ओळखणारं संरक्षण चार्जरमध्ये आहे का, ते विचारून घ्यावं.

दुसरी कटकट १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर (विजेवर उघडमीट होणारे मोठे स्विच) याच छोट्या बॅटरीवर चालतात, दरवाजाचं कुलूपही. ती मेली की ६० युनिट पोटात असूनही गाडी दगड. पेट्रोलच्या गाडीत स्टार्टर घुंघुं करायला लागला की आपल्याला आधीच कळतं. इथे इंजिनच नाही, त्यामुळे तसा इशारा मिळत नाही. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि मोबाइलवरून दर तासाला गाडी ‘बघत’ बसू नये. प्रत्येक वेळी ती जागी होते आणि १२ व्होल्ट खाते.

ब्रेकचं उलटंच. वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते, त्यामुळे ब्रेक पॅड खूप टिकतात, पण डिस्क वापराअभावी गंजतात. आठवड्यातून दोन-चारदा मोकळ्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक दाबावा. टायर मात्र लवकर झिजतात, वजन आणि ताकद दोन्ही जास्त. आणि रेंज वेगावर अवलंबून असते: हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी ११० ने गेलात तर तो जवळजवळ १.९ पट होतो.

यावरून आठवलं. ‘चाकाला डायनामो लावा, गाडी चालता चालता स्वतःच चार्ज होईल’ असे व्हिडिओ लाखो लोक बघतात. डायनामो फिरवायला लागणारी ऊर्जा बॅटरीतूनच येते आणि परत मिळते ती कमी. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाळत नाही ते यंत्र नसतं, जादूचा प्रयोग असतो. दुसरा जुना समज म्हणजे बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला वारंवार थोडं थोडं चार्ज केलेलंच मानवतं.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा स्वभाव वेगळा. तिचं व्होल्टेज भरताना बराच वेळ ३.२-३.३ वर सपाट राहतं, त्यामुळे ती ४० टक्के भरली की ७०, हे व्होल्टेजवरून कळत नाही. गाडी आत-बाहेर झालेला करंट मोजून अंदाज करते आणि त्यात चूक साठत जाते. मग १२ टक्के दिसत असताना आकडा एकदम कोसळतो. म्हणून या प्रकाराच्या बॅटरीसाठी अनेक कंपन्या आठवड्यातून एकदा १०० टक्के करायला सांगतात. बाकीच्यांना मात्र शंभरवर उन्हात उभं करणं हे धावण्यापेक्षाही वाईट. ग्रॅफाइटवर पहिल्या चार्जिंगलाच एक संरक्षक साय धरते. ती हळूहळू जाड होत लिथियम खाते आणि उष्णता व भरलेपणा दोन्ही तिला वाढवतात. सुरुवातीला ती भरभर वाढते, नंतर संथ होते. म्हणून पहिल्या वर्षातली घट पाहून घाबरू नये.

पुढचं काय? ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळणं सुरू झालं आहे. तो वजनाच्या मानाने सुमारे दसपट लिथियम धरतो, पण फुगून तिपटीहून मोठा होतो आणि भेगाळतो. सोडियम-आयन बॅटरीत लिथियमच लागत नाही. मात्र सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही, त्याला वेगळा कठीण कार्बन लागतो, आणि त्याच वजनात ऊर्जा कमी मावते. शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीला हे चालेल. घन इलेक्ट्रोलाइटच्या बॅटरीची बातमी मात्र दर काही महिन्यांनी ‘येतेय येतेय’ म्हणून येते. ती शोरूममध्ये दिसेपर्यंत तिच्यासाठी गाडी घेणं लांबवण्यात अर्थ नाही.

मालकीच्या दृष्टीने मोठा बदल जुन्या गाड्यांच्या बाजारात होईल. आज बॅटरीची प्रकृती विकणाऱ्याच्या शब्दावर असते. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीची माहिती आणि प्रकृती यांची नोंद, सक्तीचा होणार आहे. तोवर जुनी गाडी घेताना एक साधी चाचणी करावी. गाडी २० टक्क्यांवर आणून डीसी (जलद) चार्जरला लावावी, ८० टक्क्यांना थांबवावी आणि चार्जरवरचे युनिट बघावेत. त्याला ०.६ ने भागावं. ३१ युनिट गेले असतील तर क्षमता सुमारे ५२. चार्जिंगमधला तोटा पाचेक टक्के वजा केला तर ४९. गाडी नवी असताना ६० ची होती, म्हणजे आता ८२ टक्के उरली आहे. बऱ्याच कंपन्यांची हमी आठ वर्षं आणि ७० टक्क्यांची असते. तेव्हा सौदा ठरवताना हमीची किती वर्षं उरलीत, ते त्या ८२ च्या शेजारी लिहून बघावं.