पट्ट्याला न दिसणारं बीपी

दंडाला पट्टा बांधला, बीपी १२०/८० आलं, की आपण निर्धास्त. मग जिना चढताना दम लागतो तो वयाच्या किंवा वजनाच्या खात्यावर टाकायचा. पण फुप्फुसांतल्या धमन्यांचा दाब वेगळाच असतो. सरासरी जेमतेम १४ मिलिमीटर पारा. तो २०च्या वर गेला, म्हणजे ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ झालं, तरी दंडावरच्या पट्ट्याला पत्ता लागत नाही.

या धमन्यांची एक खोड मला फार आवडते. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात; फुप्फुसात मात्र आक्रसतात! १९४६ साली फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी मांजरांवर हे दाखवलं. पाटाच्या पाण्यावर दारं धरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ज्या वाफ्यात पाणी सोडून उपयोग नाही त्याचं दार बंद करायचं, पाणी पुढे काढायचं. एखाद्या कोपऱ्यात कफ साचून हवा पोचेना, की तिथल्या धमनीच्या स्नायुपेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा मिटतात, पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आवळतो. रक्त हवेशीर भागाकडे वळतं. मेंदूला विचारावंही लागत नाही.

पण वर्षानुवर्षं चुलीचा धूर किंवा विडी ओढून सगळ्याच वाफ्यांची दारं मिटू लागली तर? पाट फुगतो. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा, त्याला हे ओझं झेपत नाही. पाय सुजतात, संध्याकाळी घोट्यावर मोज्याच्या रबराचा खोल वळ दिसतो.

दाब वाढायची कारणं इतरही आहेत: डाव्या हृदयाचे आजार, धमनीची भिंतच जाड होणं, न विरघळलेल्या गुठळ्या. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या वेगावरून अंदाज येतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर त्याचा वर्ग गुणिले ४, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात ३६ मिलिमीटर पाऱ्याचा फरक (हा हृदय आकुंचन पावतानाचा, वरच्यासारखी सरासरी नव्हे). शिक्कामोर्तब मात्र उजव्या हृदयात नळी घालून. जर्मन डॉक्टर फोर्समानने १९२९मध्ये ती स्वतःच्याच हातातून घालून पाहिली होती.

उपचार कारणाप्रमाणे. धमनीच्या भिंतीच्या आजारात सिल्डेनाफिल देतात. हो, विनोदातली तीच गोळी, व्हायग्रा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने मात्र ती घेऊ नये, बीपी धाडकन कोसळतं.

आणि ‘लसूण-आल्याच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतात’ हा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांसाठी: फुप्फुसातली जुनी गुठळी म्हणजे भिंतीला चिकटलेला चिवट पापुद्रा. तो काढायला रुग्णाचं शरीर २० अंशांच्या आसपास थंड करतात, रक्ताभिसरण काही मिनिटं चक्क थांबवतात आणि मग सर्जन तो हलक्या हाताने सोलून काढतो.